जुनी भांडारं, जुनी हॉटेलं: खरं जुनं कुठे उरलंय?

दिवेघाट_वाली
मला एक खूळ आहे. रविवारी नवऱ्याला स्कूटरवर मागे बसवायचं (चालवते मीच) आणि तालुक्याच्या गावांतली जुनी भांडारं, हॉटेलं बघत फिरायचं. खरेदी नावाला. बघायची असते ती फरशी, कपाटं, पाट्या, पंखे.

मागच्या रविवारी सासवडच्या बाजारपेठेत एक सहकारी भांडार सापडलं. दारात पिशवी ठेवून घेतात आणि नंबरचा पितळी बिल्ला देतात! आत करड्या मोझॅकची फरशी. गल्ल्यासमोर गिऱ्हाईक जिथे उभं राहतं, तिथे दोन पावलांएवढी जागा झिजून खोलगट झालेली. वर दोऱ्याचं रीळ टांगलेलं. पुड्या आता कोणी बांधत नाही, तरी रीळ आहेच. 'साबण', 'कडधान्ये', 'शालेय' अशा हाताने रंगवलेल्या लाकडी पाट्या. 'शालेय'खाली हल्ली डायपर ठेवतात. मी इतकी रमले की ४१ नंबरचा बिल्ला पर्समध्ये घेऊन तशीच घरी आले.

तर, अशा जागा अजून कुठे आहेत? आणि खरं जुनं ओळखायचं कसं? परवा एका नव्या कॅफेत मुद्दाम खरवडलेली भिंत आणि कोरी करकरीत 'जुनी' खुर्ची पाहिली. चहा १८० रुपये.

वारणाकाठ
ताई, माझे वडील अशाच एका भांडारात रोखपाल होते, त्यामुळे राहवलं नाही. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. महागाई भडकणार म्हणून सरकारने सहकारी ग्राहक भांडारांना जोर दिला. दिल्लीचं सुपर बाजार त्याच वर्षीचं.

वारणानगरला जाऊन वारणा बझार बघा. ऊस पिकवणाऱ्या गावात एका छपराखाली सगळं मिळतं, याचं आम्हाला लहानपणी केवढं अप्रूप होतं! कोल्हापुरात १९३९ सालचा शेतकरी सहकारी संघ आहे, भवानी मंडपाजवळ. तुमच्या पुण्यात टिळक रस्त्यावरची ग्राहक पेठ, ती ग्राहक चळवळीतून उभी राहिली.

ओळखायची खूण म्हणाल तर फरशीवर हात फिरवा. मोझॅकची लादी म्हणजे सिमेंटात संगमरवराची खडी. बसवल्यावर ती जागेवरच घासायचे, म्हणून दोन लाद्यांचा सांधा नखाला लागत नाही. आणि वर्षानुवर्षं वावर झाला की सिमेंट आधी झिजतं, खडी किंचित वर राहते. खोटी झीज सगळीकडे सारखीच असते.

कॅम्पकर
खुर्चीचं मी सांगतो. वाकवलेल्या लाकडाची ती इराणी हॉटेलातली खुर्ची मुळात युरोपातली. थोनेट कंपनीची १४ नंबरची खुर्ची, १८५९ ची. लाकडाचे फक्त ६ तुकडे. सुट्या केल्या तर ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावायच्या. जहाजाने जगभर गेली ती त्यामुळेच. पाठ वाफेवर वाकवलेल्या एकाच दांड्याची आहे का बघा. नव्या नकलेत बऱ्याचदा जोड दिसतो.

गुडलक तर माहीतच असेल, १९३५ चं. चौकालाच हॉटेलचं नाव पडलं, यापेक्षा जुनेपणाचा दाखला काय हवा? फास्ट फूडच म्हणत असाल तर कॅम्पातलं बर्गर किंग १९९२ पासूनचं. त्याच नावाची अमेरिकन कंपनी भारतात आली २०१४ ला, आणि नावावरून खटला तिनेच भरला! ऑगस्ट २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला, मग प्रकरण हायकोर्टात गेलं. सजावटीत काही खास नाही, पण हट्ट अस्सल पुणेरी.

फोटो मात्र विचारून काढा. एका हॉटेलात न विचारता काढला तर मालकांनी मला पंख्यांची किंमत ऐकवली आणि चहा आणायचाच थांबवला.

पेठेतला_शंकेखोर
वर सगळे फरशीत अडकलेत म्हणून विचारतो. बिल्ला तुमच्याकडे आहे, म्हणजे पिशवी भांडारातच राहिली ना?

दिवेघाट_वाली
हो!! हे तुम्ही लिहीपर्यंत आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि पिशवीत अर्धा किलो अंजीर होते, घाटाखाली न्यायला म्हणून घेतलेले.

आत्ताच बिलावरच्या नंबरवर फोन केला. काउंटरवरचे काका म्हणाले, "अंजीर सोमवारी आम्ही वाटून खाल्ले, राहिले नसते. पिशवी धुऊन ४१च्या खुंटीला लावलीय. पण बिल्ल्याशिवाय देणार नाही."

वारणाकाठ, रविवारी तिथे फरशीवर हात फिरवून कळवते. नवरा आत्तापासूनच म्हणतोय, तू फरशी बघ, मी बाहेर उभा राहतो.