मदत हवी आहे: ओएसपीएफ-ईआयजीआरपी रीडिस्ट्रिब्यूशनमध्ये एकच नेटवर्क लूपमध्ये अडकतंय

मंडळी, नेटवर्किंगवाल्या जाणकारांचा सल्ला हवाय.

आमचं मुख्य ऑफिस लोअर परळला, तिथे ईआयजीआरपी (राउटरांनी एकमेकांना रस्ते, म्हणजे रूट, कळवण्याची पद्धत). कंपनीने नव्याने घेतलेलं ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, तिथे ओएसपीएफ (तशीच दुसरी पद्धत). मध्ये 'अ' आणि 'ब' असे दोन राउटर, दोघांवरही दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका पद्धतीचे रूट दुसरीत देणं. 'सबनेट्स' (लहान नेटवर्कही पुढे देण्याचा शब्द) लिहिलंय, ईआयजीआरपीला सीड मेट्रिकही (बाहेरून आणलेल्या रूटची सुरुवातीची किंमत) दिलंय, म्हणजे ते नेहमीचे घोळ नाहीत.

अडतं फक्त भिवंडीच्या गोदामाचं नेटवर्क, १०.६०.८.०/२४. त्याचा स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट परळच्या कोअरवर (मुख्य उपकरणावर) आहे, तिथूनच तो ईआयजीआरपीत टाकलाय. अंधेरीहून ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) मारला की अ, ब, अ, ब असं ३०व्या हॉपपर्यंत (टप्प्यापर्यंत) चालतं. 'शो आयपी रूट'मध्ये अ वर 'डी ईएक्स' (ईआयजीआरपीत बाहेरून आलेला रूट) दिसतो, पण ब कडे बोट दाखवणारा. ब वर 'ओ ई२ [११०/२०]' (ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेला; डिस्टन्स ११०, मेट्रिक २०), अ कडे. ब बंद केला की सगळं सुरळीत. सध्या तसंच ठेवलंय, पण अ ची लिंक गेली तर गोदामातली चलनं थांबतील आणि ट्रक दारात उभे राहतील. ही जोखीम मला नकोय.

प्रतिसाद:
अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (कुठल्या पद्धतीचा रूट आधी मानायचा तो आकडा; लहान तो सरस) बघा. ईआयजीआरपीचे आतले रूट ९०, ते ओएसपीएफच्या ११० ला भारी पडतात, म्हणून बाकी सगळं चालतंय. गोदामाचा रूट बाहेरून आलेला, त्याचा १७०. अ ने तो ओएसपीएफमध्ये दिला की ब ११० वाला उचलतो आणि परत ईआयजीआरपीत सोडतो. तुमचं सीड मेट्रिक खऱ्या रस्त्यापेक्षा सरस ठरत असणार, म्हणून अ त्याच्या मागे जातो.

दोन्ही राउटरवर रूट-मॅप (रूट गाळण्याचे नियम) लावा: ओएसपीएफमध्ये जाताना टॅग (खूण) ९०, आणि परत येताना टॅग ९० डिनाय (नाकारा). उलट दिशेलाही तसंच, टॅग ११०. लूप तुटेल. तरी ब वळसा घेऊन अ मार्गेच जाईल, त्यासाठी ओएसपीएफ एक्स्टर्नलचा (बाहेरून आलेल्या रूटचा) डिस्टन्स १८० करा.

प्रश्नकर्ता:
खूप आभार! पण अंधेरीचा इंटरनेटचा डिफॉल्ट रूटही (दुसरा रूट नसेल तेव्हा वापरायचा) ई२ आहे आणि तो परळलाही दिलाय. १८० केल्यावर तो उलटा फिरणार नाही ना?

प्रतिसाद:
फिरेल. मग सरसकट नको. अॅक्सेस-लिस्टमध्ये (निवडक नेटवर्कांची यादी) फक्त गोदामाचं नेटवर्क घालून तेवढ्याचाच डिस्टन्स १८० करा, दोन्ही राउटरवर. आणि ब सुरू करण्याआधी टॅग लावून घ्या.