पीएचपी: इंटरफेसमधला कन्स्ट्रक्टर रिफ्लेक्शनला दिसतो, मग तो वापरायचा का?

प्रश्न:
छोटा डिपेन्डन्सी इंजेक्शन कंटेनर (क्लासला लागणारे दुसरे ऑब्जेक्ट आपोआप बनवून देणारा कोड) लिहितोय. क्लासचं नाव आलं की रिफ्लेक्शनक्लास (रिफ्लेक्शन म्हणजे चालू कोडमधून क्लासची रचना वाचणं) बनवायचा, गेटकन्स्ट्रक्टरने त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड, मागायचा, नल आलं तर सरळ ऑब्जेक्ट बनवायचा नाहीतर पॅरामीटरचे टाइप बघून एकेक डिपेन्डन्सी शोधायची, एवढंच. आता एका इंटरफेसमध्येच (क्लासमध्ये कुठल्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा करार) कन्स्ट्रक्टर लिहिलाय आणि त्या इंटरफेसचं नाव दिलं तर नल येत नाही, पॅरामीटरसकट अख्खी मेथड मिळते, आणि पुढे न्यूइन्स्टन्सला एरर की इंटरफेसचा ऑब्जेक्ट बनत नाही. हे असंच असतं का? आणि पॅरामीटर इंटरफेसवरूनच वाचले तर चालेल का?

उत्तर १:
हो, असंच असतं. गेटकन्स्ट्रक्टर फक्त डिक्लेरेशन आहे का ते बघतो, ऑब्जेक्ट बनेल का याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्या मेथडवर इजअ‍ॅबस्ट्रॅक्ट विचारून बघ, ॲबस्ट्रॅक्ट शब्द कुठे लिहिलेला नसला तरी ट्रू येईल. तुला आधी इजइन्स्टॅन्शिएबल तपासायला हवं, इंटरफेस, ॲबस्ट्रॅक्ट क्लास, ट्रेट, एनम, प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर सगळ्यांना ते फॉल्स देतं.

उत्तर २:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही, प्लीज नको करू तसं. सिग्नेचर (पॅरामीटर आणि त्यांचे टाइप) पीएचपी तपासतं हे खरं, साध्या पॅरेंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरला या तपासणीतून सूट असते पण इंटरफेसमधून आलेल्याला नाही, टाइप जुळलेच पाहिजेत. पण क्लासला जास्तीचे ऑप्शनल पॅरामीटर घेता येतात, ते तुला इंटरफेसवर दिसणारच नाहीत, आणि पॅरामीटरची नावं तर कोणी तपासतच नाही. इंटरफेसमध्ये लॉगर आणि क्लासमध्ये लॉग असं असलं तरी कोड बिनबोभाट चालतो, आणि पीएचपी ८.० पासून न्यूइन्स्टन्सआर्ग्सला स्ट्रिंग की (key) असलेला ॲरे दिला तर त्या की म्हणजे नेम्ड आर्ग्युमेंट (पॅरामीटरच्या नावाने दिलेली व्हॅल्यू), म्हणजे इंटरफेसवरची नावं घेऊन गेलास तर थेट अननोन नेम्ड पॅरामीटर अशी एरर. इजप्रमोटेड पण तिथे कधीच ट्रू येणार नाही कारण इंटरफेसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये प्रॉपर्टी प्रमोट (पॅरामीटर लिहितानाच त्याची प्रॉपर्टी बनवणं) करताच येत नाही. आधी इंटरफेसला कुठला क्लास बांधलाय ते शोध आणि कन्स्ट्रक्टर त्या क्लासचाच वाच.

प्रश्नकर्ता:
बरं, मग क्लासवरून उलटं कळेल का, की हा कन्स्ट्रक्टर इंटरफेसने लादलाय?

उत्तर २:
गेटप्रोटोटाइप. तो इंटरफेसमधली मेथड देतो. ॲबस्ट्रॅक्ट किंवा इंटरफेसमधून आलेला नसेल तर रिफ्लेक्शनएक्सेप्शन फेकतो, म्हणून पीएचपी ८.२ किंवा पुढचं असेल तर आधी हॅजप्रोटोटाइप विचार. आणि तो इंटरफेस तुमच्याच हातात असेल तर त्यातून कन्स्ट्रक्टर काढूनच टाका, ऑब्जेक्ट कसा बनवायचा हे वापरणाऱ्याला कशाला माहीत असायला हवं, पीएचपीच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हे टाळा असंच लिहिलंय.

उत्तर ३:
जावातून आलेल्यांसाठी, तिथे हा प्रश्नच येत नाही, इंटरफेसमध्ये कन्स्ट्रक्टर लिहिताच येत नाही आणि गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर्स शून्य लांबीचा ॲरे देतं.