डिसेंबरमधला मुलगा: ज्युनिअर केजीत आत्ता घालू की वर्षभर थांबू? (मदत हवी आहे)

प्राजक्ता_पुणे

लेकाचा जन्म ९ डिसेंबर २०२२चा. सध्या नर्सरीत आहे. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत वय पूर्ण होण्याची अट असल्यामुळे येत्या जूनला ज्युनिअर केजीत बसतो, पण अगदी काठावर. वर्गातली जानेवारीची मुलं त्याच्याहून चक्क अकरा महिन्यांनी मोठी आहेत.

परवा पालकसभेत ताईंनी सांगितलं की तो "थोडा मागे पडतोय". म्हणजे काय, तर रंगवताना रेघेबाहेर जातो, डब्याचं झाकण उघडत नाही, गोष्ट चालू असताना उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो. घरी अखंड बडबड असते आणि पीएमपीच्या बसचे नंबर पाठ आहेत! मी आधी रडले, मग गूगल केलं, मग पुन्हा रडले.

नवरा म्हणतो, धडधाकट पोराचं वर्ष का घालवायचं, आणि एका वर्षाची जास्तीची फी आहेच. सासूबाई म्हणतात, थांबा. सासऱ्यांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून. गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन कानाला लागतो का ते पाहिलं आणि तारीख ठोकून दिली. त्यामुळे त्यांना हा प्रश्नच कळत नाही.

वर्गात सगळ्यांत लहान असण्याचा पुढे दहावी-बारावीपर्यंत फरक पडतो का? आता घातलं तर दहावीची परीक्षा तो सव्वापंधराव्या वर्षी देईल. अनुभव, अभ्यास, काहीही चालेल. नवऱ्याची दोनेक वर्षांत बंगळुरूला बदली होण्याची शक्यता आहे, तेही लक्षात घ्या.

डिसेंबरचा गडी

मी २७ डिसेंबरचा. प्रार्थनेच्या रांगेत सातवीपर्यंत पहिला, उंचीमुळे. तिसरीपर्यंत वहीत लाल शेरे, मग कधीतरी आपोआप थांबले. दहावीला घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा बरा निघालो. कबड्डीच्या संघात मात्र कुणी कधी घेतलं नाही, ते अजून खुपतं. घाला खुशाल.

निवृत्त बाई

प्राजक्ता, आधी डोळे पूस. मी बालवर्ग आणि पहिली मिळून ३१ वर्षं शिकवली. तुझा मुलगा जेमतेम सव्वातीन वर्षांचा आहे. त्या वयात अकरा महिने म्हणजे पाव आयुष्याहून जास्त. रेघेबाहेर रंग जाणं, झाकण न उघडणं ही बोटांची कामं आहेत, बुद्धीची नाहीत. बोटं वेळेवर तयार होतात. घरी कणकेचा गोळा दे, मटार सोलायला बसव, कपड्यांचे चिमटे लावायला दे.

मला यापेक्षा वेगळं विचारायचंय. शू-शीला सांगतो का? "चप्पल काढ आणि दप्तर जागेवर ठेव" अशा दोन गोष्टी एका दमात सांगितल्या तर करतो का? दुसऱ्या मुलांत मिसळतो का? शाळेत जाताना रोज रडतो, की गेल्यावर पाच मिनिटांत विसरतो? याची उत्तरं बरी असतील तर मी थांबवणार नाही. नसतील तर मात्र वर्ष गेलं म्हणून हळहळू नकोस.

टेक्सासकर

इथे १ सप्टेंबरची अट. आमचा मुलगा ऑगस्टचा, म्हणजे तुमच्याच नावेत. इकडे मुद्दाम वर्षभर थांबवण्याला 'रेडशर्टिंग' म्हणतात, शब्द कॉलेजच्या खेळाडूंवरून आला. आम्ही थांबवलं. किंडरगार्टनमध्ये तो एकदम वाघ, सगळं येतंय. शिक्षिका खूश, आम्ही खूश. तिसरीपर्यंत तो वाघ बाकीच्यांसारखाच मांजर झाला :) बाकी मुलांनी गाठलं. नुकसान काही नाही, पण पाळणाघराच्या त्या जास्तीच्या वर्षाचा खर्च आठवला की कळ येते.

एक गंमत बघा. ज्यांना परवडतं ते थांबवतात, त्यामुळे वेळेवर आलेलं पोर आणखीच लहान ठरतं.

आकडेमोड

अभ्यास भरपूर आहेत. फक्त त्यात दोन गोष्टी कायम गुंतलेल्या असतात: शाळा कोणत्या वयात सुरू केली आणि परीक्षा कोणत्या वयात दिली. सगळ्यांनी एकाच दिवशी पेपर दिला तर मोठ्या मुलाला जास्त येणारच. त्यात शाळा उशिरा सुरू केल्याचं श्रेय किती, हे वेगळं काढता येत नाही.

बेडार्ड आणि ड्युई या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली बऱ्याच देशांतली मुलं तपासली. वर्गातली सगळ्यांत लहान मुलं सगळ्यांत मोठ्या मुलांच्या मागे चौथीत ४ ते १२ पर्सेंटाइल (शंभरांच्या रांगेतल्या जागा) होती, आठवीत २ ते ९. म्हणजे फरक आक्रसतो, पण आठवीपर्यंत पुसला जात नाही. गूगलवर तुम्हाला रडवणारा अभ्यास बहुधा हाच.

याच्या उलट नॉर्वे. तिथे मुलग्यांची साधारण १८व्या वर्षी लष्करभरतीसाठी बुद्धिचाचणी व्हायची आणि तिची तारीख शाळेच्या इयत्तेला बांधलेली नव्हती. त्यामुळे वर सांगितलेला गुंता सुटतो. त्या चाचणीवर बेतलेल्या २०११च्या अभ्यासात उशिरा शाळेत गेल्याचा फायदा दिसला नाही. उलट लवकर गेलेले किंचित वर होते. गुण ठरत होते ते परीक्षेच्या दिवशी असलेल्या वयावर. उशिरा सुरुवात करणारे कमवायलाही उशिरा लागतात, तो फरक तिशीपर्यंत मिटतो.

मला स्वतःला गुणांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ सप्टेंबरची अट असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान सप्टेंबरवाल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त वेळा झालेलं आढळलं. दहा हजारांत ८५ विरुद्ध ६४. इतर राज्यांत असा फरक नव्हता. ऑगस्टमध्ये जन्मल्याने मेंदू बदलत नाही. वर्गात वर्षभराने मोठी मुलं शेजारी बसली की वयानुसार असलेली चुळबुळ आजार वाटायला लागते. तुमचा खिडकीशी उभा राहणारा मुलगा वाचताना मला हेच आठवलं.

थांबवण्याच्या बाजूनेही पुरावा आहे, लपवत नाही. डेन्मार्कमध्ये वर्षभर उशिरा गेलेल्या मुलांत चंचलपणा सातव्या वर्षी बराच कमी दिसला आणि अकराव्या वर्षीही तो फरक टिकून होता. पण तिकडे ते जास्तीचं वर्ष खेळण्यात जातं. आपल्याकडे ज्युनिअर केजीतच चाररेघी वही हातात देतात. मुलगा वर्गात सर्वांत लहान आहे यापेक्षा त्या वर्गात त्याच्याकडून काय मागतात ते पाहा.

प्राजक्ता_पुणे

बाई, शू-शी सांगतो, दोन सूचना पाळतो (मनात असेल तर), रडतो फक्त सोमवारी. आकडेमोड, ३४ टक्के वाचून पुन्हा गूगलकडे जाणार होते, पण तुमचं शेवटचं वाक्य धरून ठेवलंय.

जयनगरवाली

अगं, बंगळुरूचं सगळे विसरलेच की! इथे पहिलीला १ जूनला सहा पूर्ण लागतात. २०२५-२६ला पालकांनी ओरड केली म्हणून त्या एका वर्षापुरती पाच वर्षं पाच महिने चालतील अशी सूट दिली होती, पुढे नाही. तुझा मुलगा २०२८च्या जूनला साडेपाचही पूर्ण नसेल. म्हणजे इकडे आलात तर पहिलीचा दरवाजा त्याच्यासाठी वर्षभर बंदच. केंद्रीय विद्यालयात तर ३१ मार्चला सहा लागतात, शिक्षण धोरणातल्या सहाच्या अटीनंतर त्यांनी तसं केलं. माझ्या बहिणीच्या मुलीने इथे येऊन सीनिअर केजी पुन्हा केली. नवीन शाळा, नवी मुलं, तिला कळलंसुद्धा नाही की आपण 'मागे' बसलोय.

निवृत्त बाई

मग तर आत्ता घाल. थांबायचं झालंच तर तिकडे गेल्यावर थांबेल. त्याच शाळेत त्याच ताईंकडे नर्सरी पुन्हा करायची आणि ओळखीची सगळी मुलं वरच्या मजल्यावर, हे मुलांना बरोब्बर कळतं.

आकडेमोड

सहमत. बदली नाही झाली तरच सीनिअर केजीच्या शेवटी हा धागा वर आणा.

प्राजक्ता_पुणे

आज शाळेत जाऊन आले. सीनिअर केजीनंतर वाटलं तर थांबवता येईल का, विचारलं. "तेव्हा जागा असली तर बघू" असं उत्तर मिळालं, लेखी काही देणार नाहीत. ताईंना मात्र जन्मतारीख सांगितली, तर त्या म्हणाल्या, "अरेच्चा, डिसेंबरचा आहे का?" त्यांच्याकडच्या यादीत फक्त नावं होती.

फॉर्म भरला. नवरा खूश, सासूबाई अजून बोलत नाहीत. डबा बदललाय, वर खटक्याचं झाकण असलेला आणलाय. तो स्वतः उघडतो. बंद करायला अजून मीच लागते.