मदत हवी आहे: माथेरानच्या जुन्या बंगल्यात दोन रात्री, बायकोच्या गुडघ्याला झेपेल का?

पायवाट

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला २७ वर्षं पूर्ण होतायत. शुक्रवार ते रविवार दोघांनीच माथेरानला जायचं मनात आहे. राहायचंय ते जुन्या बंगल्यातच, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

थोडं मागचं सांगतो. लग्नानंतर, जानेवारी १९९९मध्ये, आम्ही माथेरानला दोन दिवस गेलो होतो. बाजारपेठेतल्या एका लॉजवर उतरलो होतो. खोलीला एकच खिडकी, ती समोरच्या चिक्कीच्या दुकानावर उघडायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शार्लोट तलावाकडून परत येताना एका जुन्या बंगल्याचं फाटक लागलं. आत हॉटेल होतं. कौलारू छप्पर, भलामोठा व्हरांडा, लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि त्यात एक म्हातारं पारशी जोडपं चहा पीत बसलेलं. एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते, पण इतके निवांत दिसत होते! बायको फाटकाची कडी धरून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आपण एकदा इथे राहू या हं." मी हो म्हटलं.

मग घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण, आईचं दुखणं. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही, पण माझ्या डोक्यातून तो गेलेला नाही.

आता मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे, हातात थोडे पैसे आहेत, आणि बायकोचा उजवा गुडघा झिजलाय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन इतक्यात नको. सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं चालते, मग टेकावं लागतं. कठडा असेल तर पायऱ्या चढते, उतरताना जास्त दुखतं. खाली बसायचा संडास चालणार नाही.

डोंबिवलीहून निघू. दस्तुरीच्या पुढे गाडी जात नाही हे माहीत आहे, मग तिथून हिला कसं न्यावं? अशा जुन्या बंगल्यांत जिने, उंबरठे, न्हाणीघरं कशी असतात? खोली घेताना नेमकं काय विचारायचं? आणि तिला आधी न सांगता एकदम तिथे नेऊन उभं करावं असं वाटतंय, ते योग्य होईल का?

नेरळवाला

दादा, आधी जाण्याचं बघू.

नेरळहून टॉय ट्रेननं जायचा मोह टाळा. २१ किलोमीटर, दोन तासांच्या वर वेळ लागतो, बाकं अरुंद, गुडघा लांब करायला जागा नाही. शिवाय लोकलनं नेरळला उतरलात की पूल चढायला लागेल तो वेगळाच. घरूनच टॅक्सी करा ती थेट दस्तुरी नाक्यापर्यंत. स्वतःची गाडी आणणार असाल तर घाटात चढण खडी आहे, पहिल्या गिअरची सवय हवी. दस्तुरीला पार्किंग आहे. तिथेच नगरपरिषदेचा प्रवेशकर भरून आत जायचं.

तिथून अमन लॉज स्टेशन पाच-सात मिनिटांवर. अमन लॉज ते माथेरान शटल चालते, साधारण वीस मिनिटांत बाजारात उतरवते. वहिनींना आगगाडीची हौस असेल तर ती इथे भागेल. दुसरा पर्याय ई-रिक्षा. २०२२च्या डिसेंबरात त्या प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. शनिवार-रविवारी दोन्हीकडे भरपूर रांग असते, म्हणून शुक्रवारी सकाळीच पोचा. सामान हमालाकडे द्या, दर आधी ठरवून घ्या.

घोडा नको. चढता-उतरताना गुडघा वळतो.

पायवाट

नेरळवाला दादा, मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं. हातरिक्षानं थेट बंगल्याच्या दारापर्यंत जाता येतं ना? पण मला खात्री आहे की ही बसणार नाही. १९९९मध्येही "माणसानं माणसाला ओढायचं?" म्हणून ती चालतच आली होती.

नेरळवाला

वहिनींचं म्हणणं आता कोर्टानंही उचलून धरलंय. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं की सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. माझ्या ओळखीतले दोघं वीस वर्षं रिक्षा ओढतायत, दोघांच्या छातीचे, गुडघ्यांचे हाल आहेत. लाल मातीच्या चढावर माणूस बसवून ओढणं म्हणजे काय ते जवळून बघितलेल्यालाच कळतं. तुम्ही ई-रिक्षाच बघा.

जुनं_कौल

माझा व्यवसाय जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा, म्हणून बंगल्यांबद्दल लिहितो.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०मध्ये चौकच्या बाजूनं हा डोंगर चढला आणि लगेच साहेबलोकांनी इथे घरं बांधायला घेतली. मागून मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती शेटलोक आले. रेल्वेसुद्धा पीरभॉय घराण्यानं स्वतःच्या पैशानं बांधली, १९०७ला ती सुरू झाली. म्हणजे बरेच बंगले रेल्वेच्या आधीचे आहेत, तुळया आणि फरशा माणसांनी आणि जनावरांनी वर आणल्यात. जुन्या भिंतीवर हात ठेवला की मला तेच आठवतं.

आता तुमच्या कामाचं. माथेरानला पाऊस बेफाम, म्हणून बंगल्याचं जोतं उंच ठेवतात. बंगला एकमजली दिसला तरी व्हरांड्यात चढायला पायऱ्या असतातच. त्या जांभ्याच्या असतील तर मधोमध झिजून खोलगट झालेल्या असतात आणि पाऊल तिरपं पडतं. कठडा बहुतेक ठिकाणी नसतो, कारण मूळ बांधणीतच तो नव्हता. न्हाणीघर पूर्वी मागच्या पडवीत असायचं, तिथे पाणी वाहून जावं म्हणून जमीन खोलीपेक्षा खाली. त्यामुळे खोलीतून न्हाणीघरात एक पायरी उतरावी लागते. दिवसा लक्षात येते, पण रात्री झोपेत उठलं की माणूस तिथेच पडतो.

म्हणून हॉटेलला फोन करून "लिफ्ट आहे का, रॅम्प आहे का" असं विचारू नका. ते नाही म्हणतील आणि विषय संपेल. फाटकापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या, हे मोजून सांगा म्हणावं. पायऱ्यांचा आणि न्हाणीघराच्या दाराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. चांगले लोक पाठवतात.

मीनल_ठाणे

कौल यांनी लिहिलंय त्याला जोडून आमचा अनुभव सांगते, तुमची फसगत होऊ नये म्हणून. आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी असंच हौसेनं एका जुन्या हॉटेलात गेलो. फोटोत व्हरांडा, उंच छत, पितळी दिवे. पोचल्यावर कळलं की खोल्या मागच्या नव्या इमारतीत आहेत. फॉल्स सीलिंग, चकचकीत टाइल्स, खिडकीबाहेर जनरेटर. मुख्य बंगल्यात फक्त जेवणघर! मॅनेजर म्हणाले, "मॅडम, प्रॉपर्टी हेरिटेजच आहे." दोन दिवस माझं मन लागलं नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी "मुख्य जुन्या बंगल्यातली, व्हरांड्याला लागून असलेली खोली" हे शब्द लेखी घ्या. खोलीचा क्रमांकही घ्या. वाटतं की एवढं काय विचारायचं, पण विचाराच.

जेवणासकट दर घ्या म्हणजे ताईंना रात्री बाजारात पायपीट नको. पारशी जेवणाची आवड असेल तर लॉर्ड्स सेंट्रल हॉटेलची चौकशी करा, दरीच्या काठावर आहे. आणि एकच सांगायचंय. ताईंना आधी सांगा. गुडघा दुखणाऱ्या बाईला कुठे नेताय हे न सांगता नेणं बरं नाही. कुठली चप्पल घालायची, कुठली गोळी पर्समध्ये ठेवायची, आदल्या दिवशी घरात किती राबायचं, हे सगळं ती आधीपासून ठरवत असते. माझी आई तशीच होती.

फिजिओ_अनघा

मीनल ताईंशी पूर्ण सहमत. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय औषधाचं सांगत नाही, पण सवयीचं सांगते. चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा पाय. आतापासून घरच्या जिन्यावर रोज थोडा सराव करू दे. त्यातून किती पायऱ्या सलग जमतात तो आकडा मिळेल आणि हॉटेलनं सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघता येईल. काठी न्या, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. लाल माती सुकी असली की बारीक खड्यांवरून पाय सरकतो, तेव्हा तळाला खाचा असलेले बूट हवेत. न्हाणीघराच्या त्या पायरीसाठी रात्रीचा छोटा दिवा घरूनच न्या, प्लगमध्ये लावायचा.

माथेरानला नगरपरिषदेचं रुग्णालय आहे आणि रुग्णवाहिकेला आत परवानगी आहे, त्यामुळे ती धास्ती नको.

पायवाट

सगळ्यांचे आभार कसे मानू?

परवा रात्री जेवणं झाल्यावर हिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्पच. मग म्हणाली, "ते हिरवं फाटक?" मला फाटकाचा रंग आठवत नव्हता हो.

मग तिनेच सूत्रं हातात घेतली. आमच्या इमारतीच्या जिन्यावर सात पायऱ्या सलग जमतात, आठवीला थांबावं लागतं. हॉटेलात फोनही तिनेच केला. तिथल्या माणसानं खरंच जाऊन मोजलं: फाटकातून आत सपाट, व्हरांड्याला पाच पायऱ्या, न्हाणीघरात एक. फोटोत पायऱ्या रुंद आणि कमी उंचीच्या दिसतायत, कठडा नाही. खोली मुख्य बंगल्यातलीच, क्रमांकासकट मेल आलाय. शुक्रवार-शनिवार दोन रात्रींचे पैसे भरले. बंगल्याचं नाव इथे लिहीत नाही, कुणाला हवं असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

पायवाट

काल रात्री परतलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना वृत्तांत द्यायलाच हवा.

शुक्रवारी नऊच्या आत दस्तुरीला पोचलो. शटलच्या डब्यात चढायची पायरी जरा उंच निघाली, एका हमाल मावशींनी मागून आधार दिला. बाजारातून पुढे ई-रिक्षा मिळाली, मग बंगल्यापर्यंत दहा मिनिटं जांभळीच्या सावलीतून चाललो. फाटक आता पांढरं आहे. कडी मात्र जुनीच, लोखंडाची, वाकवलेल्या बोटासारखी.

पायऱ्या कौल साहेबांनी लिहिल्या तशाच, मधोमध झिजलेल्या. तिसरीवर एवढा खोलगटपणा की त्यात पिंपळपानाएवढं पाणी साचलं होतं, नुकतंच कुणीतरी झाडांना घातलेलं. आम्ही कडेनं गेलो, तिथे दगड सपाट आहे. तिचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात काठी. वर पोचल्यावर पहिल्याच आरामखुर्चीत बसली आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठली नाही. मीही नाही.

रात्रीच्या दिव्याचा फार उपयोग झाला, अनघा ताई.

पॉइंट एकही पाहिला नाही. शनिवारी सकाळी फक्त तलावापर्यंत, दोनदा टेकत, गेलो आणि पिसारनाथाचं दर्शन घेतलं. बाकी वेळ व्हरांडा. माकडांवर लक्ष ठेवावं लागतं, माझ्या बशीतली नानकटाई गेली. संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यावरून एक तरुण जोडपं चाललं होतं, फाटकाशी थांबून आत बघत होतं. हिने खुर्चीतूनच हात हलवला, म्हणाली, "या ना आत, बघून जा." दोघं आली, व्हरांड्यात पाच मिनिटं टेकली. त्या मुलीनं इथले दर विचारले. हिने हॉटेलच्या नंबरासकट सगळं सांगितलं, मुख्य बंगल्यातलीच खोली मागा, हेही.

मीनल_ठाणे

किती छान लिहिलंत! डोळे भरून आले. ताईंचा गुडघा कसा आहे?

पायवाट

रविवारी घाट उतरून आल्यावर थोडी सूज होती, शेकलं. आज नेहमीसारखा आहे. ती आता पावसाळ्याचं विचारतेय, धुकं व्हरांड्यात येतं म्हणे. जुलैत शटल चालू असते का?

नेरळवाला

शटल चालू असते, नेरळ ते अमन लॉज बंद असते. पण दादा, जुलैत नका आणू. जांभ्यावर शेवाळ धरतं, त्या पाच पायऱ्या साबणासारख्या होतात. ऑक्टोबर सरता सरता या. तेव्हाही सकाळी धुकं असतं, आणि दगड सुकलेला असतो.