"व्हेगन असाल तर घरून डबा आणा" म्हणणाऱ्यांना उत्तर (पुणे, बाहेर जेवणं वगैरे)

चिंचगूळ :
परवा इथे एकाची पोस्ट होती, की ही व्हेगन (दूध-तूपसुद्धा न खाणारी) मंडळी चौघांत जेवायला आली की वेटरची उलटतपासणी घेतात, बाकीच्यांची भूक मरते, एवढीच नाटकं असतील तर घरून डबा आणावा. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतेय.

उलटतपासणी कोण घेत नाही हो? चतुर्थीला "खिचडीत मोहरी नाही ना, जिरंच आहे ना, मीठ सैंधव का साधं" विचारणारे काका कुणाला खुपत नाहीत. गाडीवर जैन पावभाजी मागितली की बटाट्याऐवजी कच्चं केळं कुस्करून तव्याच्या वेगळ्या कोपऱ्यात करून मिळते, आणि मिळायलाच हवी, माझी काही तक्रार नाही. पण मी "तेल का तूप?" एवढे तीन शब्द विचारले की लगेच फॅड, इन्स्टाग्राम, श्रीमंतांचे चोचले.

आणि पुण्यात खायला मिळत नाही असंही नाही. वडापाव, भजी, भेळ, इडली, मेदूवडा, मिसळ (दही नको म्हणायचं), पिठलं-भाकरी-ठेचा. उभं राहून खाणाऱ्याची चैन आहे. रडगाणं सुरू होतं खुर्चीत बसल्यावर, आणि सगळ्यात जास्त 'शुद्ध शाकाहारी' पाटीखाली. बारा पानी मेनू, त्यात पनीर, मलई, चीज, खवा. ग्रेव्ही लाल असो, पांढरी असो, हिरवी असो, वरून बटरचा गोळा. डाळीला तुपाची फोडणी, नानच्या पिठात दही नाहीतर दूध. उरतं काय तर बिनबटरची तंदुरी रोटी, काकडी आणि पापड.

उलट मालवणी खानावळीत जा. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, भात, सोलकढी, सगळं नारळावर. शेजारच्या ताटात सुरमई असते पण माझं ताट भरलेलं असतं. 'शुद्ध शाकाहारी' पाट्यांच्या शहरात व्हेगन माणसाने मासे-खानावळीत जेवावं लागतं ह्याची गंमत कुणाला वाटत नाही का?

डोशाचं तर विचारूच नका. वेटर ओरडतो "एक साधा, बिना बटर!" पण तव्यावरच्या माणसाच्या हातात ती झाकणाला भोकं पाडलेली बटरची बाटली असते, एका रांगेत सहा डोसे, हात आपला सहाच्या सहांवर फिरतो. चूक त्याची नाही, सवय आहे. पण मग परत पाठवलं की मी खडूस.

सदाशिवी :
ती पोस्ट माझीच. एवढी झोंबेल असं वाटलं नव्हतं, असो.

ऑफिसच्या ट्रीटला आम्ही सहाजण, त्यातल्या एक बाई नुकत्याच व्हेगन झालेल्या. वेटर तीनदा आत जाऊन आला. काजूच्या ग्रेव्हीत क्रीम आहे का, रोटीच्या पिठात दूध आहे का, कुल्चा कशावर भाजता. तोवर किचनची लास्ट ऑर्डर झाली आणि सगळ्यांच्या वाट्याला जीरा राईस आला. तोही तुपातला निघाला म्हणून त्यांनी तो पण नाही खाल्ला. आता ह्यात खडूस कोण?

आणि ते मालवणी कौतुक राहू द्या. त्याच कढईत, त्याच तेलात, त्याच झाऱ्याने बोंबील तळलेला असतो. तो चालतो आणि चमचाभर तूप चालत नाही? धन्य.

चिंचगूळ :
कढई एकच असते हे मला माहितीये, मी सोवळं पाळत नाहीये. माझ्या पैशाने दूध विकत घेतलं जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे. झाऱ्याला बोंबील लागला तर त्या बोंबलाचे पैसे मी दिलेले नसतात.

आणि तुमच्या त्या बाईंनी आधी विचारलं म्हणून तुम्ही चिडलात, न विचारता जीरा राईस परत केला असता तरी चिडला असतात.

खानदेशी_ठेचा :
मूळ मुद्दा सोडून बोलतो, पण पुण्यात भरतात दही घालतात हा गुन्हा आहे आणि ह्यावर कुणी धागा काढत नाही. आमच्याकडे वांगी काड्यांवर भाजतात, तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, बस्स. सोबत कळण्याची भाकरी. शंभर टक्के व्हेगन आहे, आमच्या आजीला माहीत नव्हतं एवढंच. शेवभाजी पण चालेल ताई तुम्हाला. फक्त ज्या ढाब्यावर मटण पण मिळतं तिथे रस्सा कशाचा आहे ते विचारून घ्या, काही ठिकाणी मटणाचं अळणी पाणी ओततात.

गोड_बोला :
साखर पण व्हेगन नसते म्हणे? हाडांच्या कोळशातून गाळतात असं वाचलं. मग चहा पण बंद का

बगॅस :
ते बाहेरच्या देशांतल्या रिफायनऱ्यांचं. आपल्या कारखान्यांत रस साफ करायला चुना आणि गंधकाचा धूर वापरतात, हाड-बिड काही नाही. कारखान्यात उमेदीची वर्षं गेलीत म्हणून सांगतो. प्या चहा. कोरा प्यावा लागेल मात्र.

गोठ्यातला :
गंमत म्हणून वाचत होतो, पण "माझ्या पैशाने दूध विकत घेतलं जाऊ नये" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे सहा एचएफ जातीच्या गायी आहेत. पहाटे चारला धार, शेण, मुरघास, परत संध्याकाळी धार. 2023 ला सरकारने 3.5 फॅट 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असलेल्या दुधाला लिटरला 34 रुपये दर जाहीर केला, आणि वर्ष संपायच्या आत डेअरीवर 26-27 हातात पडायला लागले. सरकी पेंडीचं पोतं काय खाली आलं नाही. मग 5 रुपये अनुदान आलं, ते मिळवायला गायीच्या कानातला बिल्ला ऑनलाइन चढवा, रोज साइट बंद. 2018 ला दूध रस्त्यावर ओतलं तेव्हा शहरवाले म्हणाले किती ही नासाडी. आता तुम्ही म्हणता दूधच नको. मग आम्ही काय करायचं ते पण सांगा की ताई, बदामाची बाग लावू का इंदापूरला?

चिंचगूळ :
दादा तुमच्याबद्दल वाईट वाटतं, खरंच, पण तुम्हाला 26 रुपये मी देत नव्हते, डेअरी देत होती. मी दूध पीत होते तेव्हाही पिशवीचे पूर्ण पैसे मोजत होते आणि तुम्हाला डेअरी देईल तेवढेच मिळत होते.

आणि विचारायचं नव्हतं पण विषय काढलाच आहे तर, गाय व्यायली आणि गोऱ्हा झाला तर त्याचं काय करता?

गोठ्यातला :
आला का मुद्द्यावर. 2015 च्या आधी गोऱ्हा, बैल बाजारात जायचा. गोवंश हत्याबंदीचा कायदा आला, गिऱ्हाईक संपलं. कायदा मागणारे कोण होते, दूध पिणारेच. ट्रॅक्टर आल्यावर संकरित गोऱ्ह्याला औताला कोण जुंपतं, त्याला वशिंड पण नसतं नीट. आता आम्ही फक्त कालवडीच होतील असं सिमेन भरतो, महाग पडतं पण भरतो. तरी एखादा होतोच. त्याचं काय होतं ते तुम्हाला पण माहितीये आणि मला पण, उगा लिहायला लावू नका.

सदाशिवी :
म्हणजे बघा, विषय होता हॉटेलातला वेळ खाण्याचा आणि आपण गोठ्यात पोचलो. ह्यालाच मी उलटतपासणी म्हणतो.

माळरान :
@गोठ्यातला, बदामाची बाग लावू नका, सोयाबीन लावा. शहरातली ही मंडळी सोयाबीनचं दूध पितात ना. मी लावतो, लातूरला. 2024-25 च्या मोसमात हमीभाव होता क्विंटलला 4892, बाजारात चार हजाराच्या आसपास, आणि खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून परत. तुमचं दूध पिऊन कुणी आमचं भलं केलं नाही आणि आमचं सोयाबीन पिऊन पण करणार नाही. कॉफीच्या दुकानात त्या दुधाचे वरचे पैसे घेतात म्हणे, त्यातला एक रुपया दाखवा मला.

गोठ्यातला :
हे मात्र बरोबर बोललात. आपण दोघं भांडायचं आणि मधला जेवायचा.

चिंचगूळ :
ते वरचे पैसे मीच भरते, तेव्हा मलाही त्यातला रुपया दाखवा. बदामाच्या दुधाचे वेगळे, आणि वर बिलात सर्व्हिस चार्ज.

नाना_पेठ :
सर्व्हिस चार्ज द्यायचाच नाही!! ऐच्छिक असतो. काढायला सांगायचं तोंडावर. मी दर वेळी काढायला लावतो आणि दर वेळी बायको म्हणते आता इथे परत यायचं नाही

दोन_डबे :
सगळे व्हेगनवर तुटून पडलायत, मी व्हेगन नाही, मला चहा दुधाचाच लागतो. पण माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. पचत नाही वगैरे नव्हे, दुधातल्या प्रोटीनची. मागे एका नावाजलेल्या व्हेज हॉटेलात दोनदा विचारलं, भाजीत दूध, दही, क्रीम, बटर काही आहे का. नाही म्हणाले. चौथ्या घासाला ओठ सुजले, अंगावर गांध्या, आम्ही ताटं टाकून दवाखान्यात. नंतर फोन केला तर मॅनेजर म्हणतो "मॅडम, मिल्क पावडर आहे, पण थोडीशीच." थोडीशीच! त्याच्या मते पावडर म्हणजे दूध नाही.

तेव्हापासून मी सदाशिवींचा सल्ला पाळते, डबा नेते. तर डबा उघडला की हॉटेलवाले म्हणतात बाहेरचं अलाउड नाही. आता बोला.

सदाशिवी :
ताई, तुमची गोष्ट वेगळी आहे, आजार आहे. आजारी माणसाने विचारलंच पाहिजे. शौक म्हणून विचारणाऱ्यांबद्दल मी बोलत होतो.

चिंचगूळ :
प्रश्न तोच, वेटर तोच, "थोडीशीच" म्हणणारा मॅनेजर पण तोच. माझ्यासारखे शौकीन रोज विचारत राहिले तर निदान ह्यांच्या मुलासाठी उत्तर तयार असेल. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर कॅलरी आणि ॲलर्जन दाखवायचा नियम आहे, 2022 पासून. कॅलरी छापतात, ॲलर्जन कुठे बारीक अक्षरात सापडलं तर नशीब. आणि एकच दुकान असलेल्याला तेही नाही. त्याच वर्षी व्हेगनचा हिरवा व्ही-वाला लोगो पण नियमात आला, पण तो पाकिटावर. ताटावर कोण छापणार?

मला व्हेगन कॅफे नकोच आहे, तिथे नाचणीच्या भाकरीला रॅप म्हणतात आणि तिप्पट पैसे घेतात. आहे त्या हॉटेलात आतून खरं उत्तर आलं तरी पुरे. "माहीत नाही" म्हणाले तरी चालेल.

खानदेशी_ठेचा :
निम्म्या ठिकाणी तूप म्हणजे डालडाच असतो, म्हणजे तुम्ही तूप म्हणून सोडलं ते व्हेगनच होतं 😄 भेसळीने केलेलं व्हेगन.

चिंचगूळ :
हे मी आयुष्यात पहिल्यांदाच भेसळीच्या बाजूने ऐकतेय.

सदाशिवी :
बरं. एवढं मान्य करतो की "तेल का तूप" ह्याचं उत्तर आत-बाहेर तीन फेऱ्या न मारता यायला पाहिजे, आणि ते न येणं हा हॉटेलाचा दोष, विचारणाऱ्याचा नाही. पुढची ऑफिस ट्रीट त्या बाईंनाच ठरवू देतो. पिठलं-भाकरी खाऊ सगळे, बिल पण निम्म्यावर येईल. ह्यात माझं मतपरिवर्तन वगैरे झालं असं कुणी समजू नये, बिल मी भरणार आहे म्हणून.

गोठ्यातला :
पैसे वाचले की त्यात ताक मागवा.

सदाशिवी :
मागवणार. मोठा ग्लास. चिंचगूळ ताई, तुम्ही पलीकडच्या टेबलावर बसा.