२२ हजार वस्तीचे बेट आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा कशी भरवते?

नेरुळवासी:

नमस्कार. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहाने जुलै २०२५ मध्ये ‘आयलंड गेम्स’ ही स्पर्धा भरवली होती, त्याविषयी अलीकडे वाचनात आले. ऑर्कनीची लोकसंख्या साधारण २२ हजार आहे. आमच्या नेरुळच्या मोजक्या सेक्टरांतच तेवढी माणसे राहत असावीत. तरीही तेथे २४ बेटांचे संघ उतरले आणि आठवडाभर १२ क्रीडाप्रकारांच्या लढती झाल्या.

मी शालेय क्रीडास्पर्धांच्या आयोजनात काही वर्षे मदत करतो, त्यामुळे मला याचे विशेष कुतूहल आहे. येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक फुटबॉलचे सामने झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिलांच्या विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना झाला. एका मैदानावरील एका सामन्यासाठीसुद्धा स्थानक, महामार्ग, पोलीस आणि पार्किंग यांची किती आधीपासून जुळवाजुळव करावी लागते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मग जेथे मोठी हॉटेले नाहीत, लोकल गाडी नाही आणि येणारा प्रत्येक माणूस विमानाने किंवा बोटीनेच येतो, तेथे हे कसे जमते? खेळाडू कोठे राहतात, मैदाने कोठून येतात आणि स्पर्धा संपल्यावर त्या बेटाच्या हाती काय उरते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

नौपाड्याहून:

नेरुळवासी, प्रश्न उत्तम आहे. या स्पर्धेचा प्रवास मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली स्पर्धा १९८५ मध्ये इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील आयल ऑफ मॅन या बेटावर झाली आणि तिला १५ बेटांचे संघ आले होते. ती एकदाच भरवायची, एवढाच मूळ विचार होता. परंतु खेळाडूंना ती इतकी आवडली की १९८७ मध्ये इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटाने आणि १९८९ मध्ये उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांनी ती भरवली, आणि तेव्हापासून ती दर दोन वर्षांनी होते. करोनाच्या साथीमुळे गर्न्सीची २०२१ ची स्पर्धा मात्र २०२३ मध्ये घ्यावी लागली. गर्न्सीजवळच्या, जेमतेम पाचशे-सहाशे वस्तीच्या सार्क बेटापासून दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना आणि फॉकलंडपर्यंतची बेटे यात भाग घेतात. सेंट हेलेनाला २०१७ पर्यंत नियमित विमानसेवा नव्हती. तेथील खेळाडू आधी बोटीने पाच-सहा दिवस प्रवास करून केपटाउनला पोहोचत आणि तेथून पुढे निघत. उद्घाटनाच्या वेळी प्रत्येक संघ आपल्या किनाऱ्याचे पाणी घेऊन येतो आणि सर्वांचे पाणी एकाच कारंज्यात ओतले जाते. ऑलिंपिकच्या ज्योतीपेक्षा ही प्रथा मला अधिक जवळची वाटते, कारण या सर्व लोकांमध्ये समान असलेली गोष्ट समुद्र हीच आहे.

आता आपला मूळ प्रश्न. माझ्या मते या स्पर्धेचे सारे बळ एका नियमात आहे. क्रीडाप्रकारांची एक मान्य यादी असते आणि यजमान बेटाने तिच्यातून आपल्याला झेपतील असे १२ ते १४ खेळ निवडायचे असतात. अमुक खेळ हवाच, त्यासाठी अमुक आसनांचे स्टेडियम हवेच, अशी अट यजमानावर लादली जात नाही. ऑर्कनीने १२ खेळ घेतले. त्यांतील नौकानयनासाठी समुद्र होता, सायकलिंग आणि ट्रायथलॉनसाठी गावाबाहेरचे रस्ते होते आणि गोल्फची मैदाने तेथे पूर्वीपासूनच आहेत. धावण्याचा ट्रॅक आणि पोहण्याचा तलाव कर्कवॉल या मुख्य गावातील पिकाक्वॉय क्रीडासंकुलात आहेत, जे एरवी गावातील मुले आणि वृद्ध वापरतात. बेटाच्या मापाने स्पर्धा बेतली जाते, स्पर्धेच्या मापाने बेट नव्हे. म्हणूनच ती परवडते.

याचे आपल्याला जवळचे उदाहरणही आहे. राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा २००८ मध्ये पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा तिच्यात नऊ खेळ होते. त्यानंतरची २०११ ची स्पर्धा आयल ऑफ मॅनकडे गेली. त्या बेटाची वस्ती लाखभरसुद्धा नाही. तेथे सात खेळ ठेवले गेले, भारोत्तोलन, कुस्ती, नेमबाजी, टेनिस आणि टेबल टेनिस हे खेळ वगळले गेले आणि सायकलिंग, जिम्नॅस्टिक्स व रग्बी सेव्हन्स आले. सायकलिंग ही तर त्या बेटाची ओळखच आहे.

ऐरोलीकर:

निवासाविषयी थोडे सांगतो. ऑर्कनीत संघांच्या निवासासाठी शाळांचा मोठा उपयोग झाला. स्कॉटलंडमध्ये जूनअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत शाळांना उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे जुलैमध्ये वर्गखोल्या, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे असलेली संपूर्ण इमारत मोकळी मिळते. आपल्याकडे कबड्डी, खो-खोच्या स्पर्धांना बाहेरगावचे संघ येतात तेव्हा ते शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकून उतरतात, हे नेरुळवासींना सांगायला नको. मात्र आपल्याकडे ती नाइलाजाची सोय मानली जाते आणि तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. तेथे मात्र शाळा हा नियोजनाचा पाया धरला जातो. ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या महापालिका शाळांत अशा नियोजनाला भरपूर वाव आहे, असे मला मनापासून वाटते.

कोपरीकर:

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण नाण्याची दुसरी बाजूही यायला हवी. प्रत्येक लहान बेटाला हे जमतेच असे नाही. प्रशांत महासागरातील टोंगा या देशाची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास आहे. २०१९ ची पॅसिफिक गेम्स ही स्पर्धा टोंगाला मिळाली होती. परंतु खर्चाचा भार देशाला पेलणार नाही, असे सांगून तेथील सरकारने मे २०१७ मध्ये यजमानपद सोडून दिले. त्यावर टीका झाली, तरी मला तो निर्णय धाडसाचा वाटतो. पुढे सामोआने दोन वर्षांहूनही कमी अवधीत तीच स्पर्धा भरवून दाखवली, आणि त्यामागचे कारण साधे होते: सामोआने २००७ मध्ये हीच स्पर्धा भरवली होती आणि तेव्हाची संकुले वापरात होती. बालेवाडीचेही तसेच आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभारलेले संकुल होते, म्हणूनच २००८ मध्ये पुण्याचा विचार होऊ शकला. स्पर्धा ठरल्यावर बांधायला घेतलेल्या वास्तूंचा खर्च नेहमीच जिवावर येतो.

नेरुळवासी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. फुटबॉलसारख्या लोकप्रिय खेळाला पुरेशी मैदानेच नसतील, तर यजमान बेट काय करते? तो खेळ वगळला तर खेळाडूंवर अन्याय होत नाही का?

नौपाड्याहून:

हा पेच २०१९ मध्ये खरोखरच आला होता. त्या वर्षीचे यजमान जिब्राल्टर होते, ज्याचे क्षेत्रफळ सात चौरस किलोमीटरदेखील नाही. (जिब्राल्टर बेट नसून द्वीपकल्प आहे, तरी ते आयलंड गेम्स भरवणाऱ्या संघटनेचे जुने सदस्य आहे.) तेथे इतक्या संघांच्या फुटबॉल सामन्यांना पुरतील एवढी मैदाने नव्हती, म्हणून फुटबॉल अधिकृत कार्यक्रमातून वगळावा लागला. तेव्हा वेल्समधील अँगलसी बेटाने पुढाकार घेऊन त्याच वर्षी आपल्याकडे स्वतंत्र फुटबॉल स्पर्धा भरवली आणि बेटांचे संघ तेथे खेळले. अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण ज्या खेळाडूंना उद्घाटनाच्या संचलनात आपल्या बेटाच्या ध्वजामागे चालायचे होते त्यांची ती संधी हुकली, याचे मला वाईट वाटते.

हाती काय उरते, हे आपण सुरुवातीला विचारले होते. फेरो बेटांचा जलतरणपटू पॉल योएन्सेन याच स्पर्धेत पोहत मोठा झाला. त्याचे गाव वोगुर, आणि तेथील तलाव अवघा २५ मीटरचा. त्या तलावात सराव करून त्याने २०१० मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत १५०० मीटरचे रौप्यपदक मिळवले, आणि त्यानंतर गावाने ५० मीटरचा तलाव बांधून त्याला त्याचेच नाव दिले. फेरो बेटांना २०२७ च्या आयलंड गेम्सचे यजमानपद मिळाले आहे. १९८९ नंतर ही स्पर्धा प्रथमच तेथे होईल, आणि या वेळी जलतरणासाठी पूर्ण लांबीचा तलाव त्यांच्याकडे आधीपासून आहे.