‘भूतलक्षी’ म्हणजे ‘पूर्वलक्षी’च का?

नारायणपेठी: टिपणात वाचलं, ‘फौजदारी कायदा भूतलक्षी नसतो.’ भूतलक्षी म्हणजे पूर्वलक्षीच ना, मागच्या तारखेपासून लागू होणारा? आणि यामागच्या तत्त्वाला कुणी ‘वैधतेचं तत्त्व’ म्हणतं, कुणी ‘कायदेशीरतेचं’. लिहावं काय?

शिवाजीनगर कोर्टवाला: भूतलक्षी-पूर्वलक्षी एकच. पगारवाढ ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ लागू झाली की लोक पेढे वाटतात; शिक्षा तशी लावू गेलं तर संविधानाचा अनुच्छेद २० (१) आडवा येतो. पण टिपणातलं वाक्य फार ढोबळ आहे. अनुच्छेद दोनच गोष्टी अडवतो: कृत्य केलं तेव्हा जो अपराध नव्हता त्याबद्दल दोषी ठरवणं, आणि तेव्हाच्या कायद्यात होती त्याहून जास्त शिक्षा देणं. सौम्य झालेल्या कायद्याचा फायदा जुन्या आरोपीला मिळू शकतो. रतनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिवीक्षा कायद्याचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा) लाभ असाच दिला.

कार्यपद्धतीला तर हे संरक्षणच नाही. समजा, जून २०२४ मध्ये कोथरूडला कुणाची सोनसाखळी हिसकावली आणि फिर्याद जुलैत दिली. नवी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनची, तिच्यात हिसकावण्याला स्वतंत्र कलम ३०४ आहे. ते इथे लागणार नाही, कलमं जुन्या भारतीय दंड विधानाचीच (भादंवि). फिर्यादीची नोंद मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, कारण तो कार्यपद्धतीचा कायदा. एकाच कागदावर दोन कायदे पाहून नवे वकीलही चक्रावतात.

‘वैधता’ नकोच. तो शब्द ऐकला की आपल्याकडे जातवैधता प्रमाणपत्र आठवतं! शिवाय कायदा वैध आहे का, हा प्रश्नच निराळा. सरळ ‘कायद्याविना गुन्हा नाही’ म्हणा.

लॉ कॉलेज रस्ता: ‘गुन्हा’ला माझी हरकत. आपल्याकडे ‘गुन्हा दाखल’ म्हणजे पोलिसांनी फिर्याद नोंदवली, एवढंच. तसे गुन्हे रोज दाखल होतात, पुढे कोर्टात टिकत नाहीत. तत्त्व बोलतं ते कायद्याने ठरवलेल्या कृत्याबद्दल, तिथे ‘अपराध’च हवा. आणि तो कायदाही स्पष्ट हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ २०१५ मध्ये रद्द झालं, त्यात संदिग्धता हे एक मोठं कारण होतं. ‘त्रासदायक’ मजकूर म्हणजे नेमका कोणता, हे लिहिणाऱ्याला कळणार कसं?

शिवाजीनगर कोर्टवाला: ‘अपराध’ मान्य. बोलताना मात्र माझ्या तोंडी ‘गुन्हा’च येणार.

नारायणपेठी: ठीक, ‘कायद्याविना अपराध नाही, शिक्षाही नाही’ असं लिहितो. शिक्षेची बाजू टिपणात सुटलीच होती.